अंगठ्याचा सांधा दुखतो, तर चढाईचा बूट कसा निवडावा?

जालन्याच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. वय ४३. काही वर्षांपासून प्रस्तरारोहण करतात. सुट्टीच्या दिवशी अजिंठा डोंगररांगेतल्या कातळावर जातात, एरवी कृत्रिम भिंतीवर सराव. उजव्या पायाचा अंगठा जिथे चवड्याला जोडला जातो तो सांधा वर्षभरापासून दुखतोय, वरच्या बाजूला हाडाचा टणक उंचवटा आला आहे, आणि डॉक्टरांनी सांध्याची झीज असल्याचं सांगितलं आहे. सध्याचे बूट मऊ तळाचे, वेल्क्रोचे, रोजच्या मापापेक्षा दोन नंबर लहान. एकाने सांगितलं कडक बूट घ्या, दुसऱ्याने सांगितलं मोठ्या मापाचे घ्या. त्या विचारतात, कोणते घेऊ? आणि चढाई सोडावी लागेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून चढाई सोडावी लागेल असं मला वाटत नाही. आताचे बूट मात्र लगेच बाजूला ठेवा. तुम्हाला सल्ला देणारे दोघेही अर्धे बरोबर आहेत. कडक बूट घेतला आणि तो आत बोटं दुमडणारा निघाला, तर दुखणं वाढेल. मोठा पण मऊ बूट घेतला, तर बोटं मोकळी होतील, पण बारीक खाचेवर उभं राहताना सांधा पूर्वीसारखाच वर वाकेल. तुम्हाला कडक तळ, सपाट आकार आणि सांध्याच्या वर पुरेशी उंची या तिन्ही गोष्टी एकाच बुटात हव्यात. चाळिशी ओलांडून चढाई करणाऱ्यांमध्ये हा सांधा मला वारंवार भेटतो, आणि यातली एकच गोष्ट बघून बूट घेतलेले लोक पुन्हा त्याच तक्रारीने परत येतात.

बूट बघायच्या आधी एक काम घरी करा. सांधा नेमका कोणत्या हालचालीत दुखतो ते शोधा. उकिडवं बसा, चवड्यावर भार घ्या. अंगठा वर वाकतो त्या क्षणी सांध्याच्या वरच्या बाजूला कळ आली, तर सांधा वर वळण्याला विरोध करतोय असं समजा. झिजेच्या दुखण्यात बहुधा हेच होतं. मग पाय सैल सोडून उंचवट्यावर बोटाने दाबा. नुसत्या दाबानेही दुखत असेल, तर बुटाचा वरचा भागही तुमचा शत्रू आहे. तिसरी तपासणी सांध्याच्या खालून. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यात वाटाण्याएवढी दोन छोटी हाडं असतात. दुखणं तिथे असेल तर कडक तळाने थोडा आराम मिळेल, पण कडक तळावर थेट भार आल्याने कधी उलटही होतं. आणि शेवटी आतली बाजू. अंगठा दुसऱ्या बोटाकडे झुकलेला असेल, आतल्या बाजूला गाठ वाढलेली असेल, तर तुम्हाला आधी रुंदी हवी, कडकपणा नंतर. तुमच्या वर्णनावरून पहिले दोन प्रकार एकत्र दिसतात. पुढचं सगळं मी तेच धरून लिहितोय.

इथे दोन इशारे. अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल, गरम, टम्म सुजला आणि चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर तो युरिक ॲसिडमुळे होणारा गाउट असू शकतो. त्याचा बुटाशी संबंध नाही, डॉक्टरांकडे जा. आणि मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी झाली असेल, तर घट्ट चढाईचे बूट घालण्याआधी डॉक्टरांना विचाराच. अशा पायाला जखम झालेली कळतही नाही. एक्स-रे काढायचा झाला तर पायावर उभं राहून काढलेला मागा. भार पडल्यावर सांध्यातली फट किती उरते ते त्यात नीट दिसतं.

आता आत काय घडतं ते बघू, कारण ते समजलं की बूट निवडायला दुकानदाराची गरज उरत नाही.

निरोगी अंगठा या सांध्यातून वरच्या दिशेने साधारण ६५ ते ७५ अंश वळतो. झीज झालेल्या सांध्यात कूर्चा पातळ होते, वरच्या काठावर हाड वाढतं, आणि अंगठा वर वळायला लागला की ते वाढलेलं हाड समोरच्या हाडावर आदळतं. अंगठा खाली वळवताना मात्र फारसा त्रास होत नाही, फक्त वरची त्वचा आणि कंडरा त्या उंचवट्यावर ताणली जाते. म्हणजे तुमचं उद्दिष्ट एकच: चढताना हा सांधा वर वळू द्यायचा नाही, आणि वरून दाबू द्यायचा नाही.

एका बोटाएवढ्या रुंद खाचेवर तुम्ही उभ्या आहात असं समजा. भार बुटाच्या टोकावर आहे, टाच हवेत. शरीराचं वजन टाचेला खाली ओढतं, पोटरी तिला धरून ठेवते, आणि मधे चवड्यापाशी पाऊल वाकायला बघतं. मऊ बुटात हे वाकणं अडवणारं काहीच नसतं. अंगठ्याच्या खालचे स्नायू ते काम करतात, आणि ते दमले की सांधा वर वळतो. कडक मिडसोल, म्हणजे तळाच्या रबरावरचा आतला ताठ थर, असलेला बूट टोकापासून कमानीपर्यंत फळीसारखा वागतो. तुमचं वजन त्या फळीवर येतं, आणि वाकवणारा जोर सांध्याऐवजी ती पेलते. म्हणूनच जुन्या, दुखऱ्या सांध्याचे लोक कडक बुटात पाऊल ठेवल्या ठेवल्या म्हणतात की पाय हलका वाटतोय.

मग दोन नंबर लहान बूट का नको? त्यात अंगठा पुढच्या टोकाला आपटून आत दुमडतो. अंगठ्याचा मधला सांधा वर उचलला जातो, टोक खाली जातं, आणि मुळाचा सांधा वर वळलेल्या स्थितीत अडकून बसतो. तुम्ही खाचेवर उभ्या राहायच्या आधीच, नुसता बूट चढवल्यावर, सांधा त्याच्या दुखऱ्या टोकाला नेऊन ठेवलेला असतो. त्यावर रबराचा पट्टा, म्हणजे रँड, नेमका उंचवट्यावरून जातो. बऱ्याच बुटांत टाचेभोवतीचं रबर मुद्दाम ताणून चिकटवलेलं असतं, ते पूर्ण पाऊल पुढे ढकलत राहतं. खाली वाकलेल्या नाकाच्या बुटांत हा ताण सर्वांत जास्त. ओव्हरहँगवर, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळावर, छोट्या खळग्यांत बोट अडकवून चढणाऱ्या तरुणांसाठी ते बूट बनतात. तुमच्या पायासाठी ते बनलेले नाहीत, त्यांचा तळ कितीही कडक असला तरी.

ला स्पोर्टिव्हा या इटालियन कंपनीचा मिउरा हे याचं चांगलं उदाहरण. लेसवाला मिउरा बारीक धारेवर उत्तम उभा राहतो, अनेक अनुभवी लोक तोच सुचवतात, आणि 'कडक बूट' म्हणून तुम्हालाही कुणीतरी तो सुचवेल. पण त्याचं टोक अंगठ्याकडे तिरकं ओढलेलं आहे आणि टाचेचा ताण भरपूर आहे. तो घट्ट घातला की अंगठा दुमडतोच. अंगठा हेच तुमचं सर्वांत लांब बोट असेल, तर आणखीच.

उलट बाजूला त्याच कंपनीचा मिथॉस आहे. बिनअस्तराचं कातडं, पायाच्या आकाराप्रमाणे छान पसरतं, दिवसभर घालता येतो. पण तळ मऊ. आरामदायक आहे म्हणून तो सांध्याला सांभाळेल असं समजू नका. सांधा उघड्यावरच राहतो.

तुमच्या गरजेच्या जवळ जाणारा बूट म्हणजे टीसी प्रो. अमेरिकेचे प्रस्तरारोहक टॉमी कॉल्डवेल यांच्या सहभागातून तो बनला, नावातली अक्षरंही त्यांचीच. तिथल्या योसेमिटी खोऱ्यातल्या ग्रॅनाइटवर तासन्‌तास बारीक धारांवर उभं राहायला आणि भेगांत पाय अडकवायला तो घडवला गेला. घोट्यापर्यंत उंच, आकार सपाट, मिडसोल ताठ, तळाला ४ मिलिमीटर जाडीचं व्हायब्रम कंपनीचं एक्सएस एज रबर. हे रबर त्याच कंपनीच्या एक्सएस ग्रिप २ पेक्षा टणक आहे, धारेवर पसरत नाही. स्कार्पाचा जनरेटर मिड आणि बुटोराचा अल्टुरा हेही याच जातीचे, उंच आणि ताठ. ला स्पोर्टिव्हाचा कटाना लेस थोडा खाली वळलेला आहे, पण मोकळ्या मापात काही लोकांच्या पायाला बसतो. सरळ कातळावर तो जास्त चपळ वाटतो. तरी तुमच्यासाठी मी त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

या बुटांची किंमत हलकी नाही. टीसी प्रो अमेरिकेतच २०० डॉलरच्या वर जातो, आपल्याकडे येईपर्यंत त्यावर आणखी चढतं. एवढे पैसे घालण्याआधी स्वस्त पर्याय करून बघायला माझी हरकत नाही. सुरुवातीच्या पातळीचे सपाट, लेसवाले बूट बघा. डेकॅथलॉनच्या सिमाँ या नावाखाली असे मिळतात, ला स्पोर्टिव्हाचा टॅरँट्युलेस त्याच पंगतीतला. टॅरँट्युलेसचं रबर ५ मिलिमीटर जाड आहे. जाड रबर स्वतःच थोडा ताठपणा देतं. अशा बुटाने सांधा पूर्ण स्थिर होत नाही, पण तुमच्या आताच्या बुटापेक्षा नक्कीच बरा. त्यात महिनाभर दुखणं कमी झालं तर तुम्हाला दिशा कळेल, मग मोठा खर्च करा.

मॉडेलच्या नावावर मात्र पूर्ण विसंबू नका. कंपन्या तेच नाव ठेवून आतला तळ बदलतात. बूट हातात घ्या आणि तपासा. एका हाताने टाच, दुसऱ्या हाताने टोक धरून टोक वर वाकवा. किती वाकतो याइतकंच कुठे वाकतो ते महत्त्वाचं. चवड्याच्या रेषेवर, म्हणजे तुमचा सांधा येईल तिथेच, घडी पडत असेल तर तो बूट तुमच्या कामाचा नाही. काही बुटांत मिडसोल फक्त पुढच्या अर्ध्या भागात असतो आणि सांध्याच्या आसपासच संपतो. हा सर्वांत फसवा प्रकार. टोक ताठ लागतं, आणि वाकायची जागा बरोबर दुखऱ्या ठिकाणी येते. मिडसोल सांध्याच्या मागे कमानीपर्यंत गेलेला हवा. नंतर बूट पिळून बघा, ओलं फडकं पिळतो त्या दिशेने. सहज पिळला गेला तर आडव्या धारेवर तो लोळेल.

मग बूट घालून दुकानातल्या पायरीच्या काठावर फक्त पुढचा दोन सेंटिमीटर भाग टेकवून उभ्या राहा. भिंतीला हात लावा. टाच हळूहळू खाली सोडा. दोन मिनिटं थांबा, कारण पहिल्या दहा सेकंदांत प्रत्येक बूट चांगला वाटतो. सांध्यात कळ येते का, की पोटरी आधी दमते? पोटरी आधी दमली पाहिजे.

ताठपणा सगळ्यांना सारखा लागत नाही, हेही सांगायला हवं. ८० किलोच्या माणसाला जो बूट मध्यम वाटतो, तोच ५० किलोच्या बाईला दगडासारखा वाटू शकतो. लहान मापात तळाची लांबी कमी, त्यामुळे तोच मिडसोल आणखी ताठ लागतो. म्हणून एखाद्या धिप्पाड गड्याने 'हा तर मऊ आहे' म्हटलं, तरी तुम्ही स्वतः घालून बघा. तुमचा पाय लहान आणि वजन कमी असेल, तर तुम्हाला बाजारातला सर्वांत ताठ बूट लागणारच असं नाही.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर उभं राहून पाय सुजतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पारा ४० च्या वर गेलेला असताना, ही सूज बरीच असते. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची आकृती काढा. दुखऱ्या पायाचा सांध्याभोवतीचा घेर दोऱ्याने मोजा आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघा. उंचवट्यामुळे फरक येतोच, आणि बूट मोठ्या पायाला धरूनच घ्यायचा. अंगठा बुटाच्या टोकाला हलकेच टेकलेला, पण सरळ पडलेला हवा. त्याचा मधला सांधा वर उचललेला नको. ही अट पाळून रोजच्या मापाचा बूट बसला तर रोजच्या मापाचा घ्या, अर्धा नंबर मोठा बसला तर तसा घ्या. 'चढाईचा बूट लहानच हवा' हा नियम तुमच्यासाठी संपला. मात्र टाच आत वर-खाली होत असेल, तर पाऊल पुढे सरकून अंगठा टोकाला आपटेल, तेही वाईट. टाच घट्ट, बोटं सरळ. हे जमत नसेल तर दुसरी कंपनी बघा. कंपनीगणिक साचा वेगळा असतो, आणि त्याच बुटाची आतून कमी जागेची आवृत्ती बायकांची म्हणून विकली जाते. तुम्हाला उंचवट्यासाठी जागा हवी असल्याने पुरुषांची म्हणून विकली जाणारी आवृत्तीही घालून बघा.

कातडं की कृत्रिम कापड? तुमच्यासाठी कातडं. बिनअस्तराचं कातडं पायाप्रमाणे बरंच पसरतं, अस्तर असलेलं कमी, कृत्रिम कापड जवळपास नाहीच. पसरण्याच्या भरवशावर दुखणारा बूट मात्र घेऊ नका. वरचं कातडं पसरेल, खालचा रँड फारसा पसरणार नाही. आणि लेसच घ्या. वेल्क्रोचा पट्टा जिथे शिवलाय तिथेच दाबतो. लेस तुमच्या हातात असते. उंचवट्यावरून जाणारा आडवा फेरा सोडून द्या, लेस दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या आणि पुढच्या छिद्रांपासून पुन्हा आडवी ओवा. सांध्यावर चौकोनी खिडकी तयार होते. खर्च शून्य, आणि काही लोकांचं निम्मं दुखणं एवढ्यानेच उतरतं.

बूट सगळीकडे बसतो आणि फक्त उंचवट्यावर दाबतो, असं झालं तर चांगल्या मोचीकडे जा. संभाजीनगरात, जालन्यात, कुठल्याही जुन्या बाजारपेठेत बूट हाताने बनवणारा एखादा कारागीर अजून सापडतो. साच्यावर कातड्याचा तुकडा चढवून, नेमका तेवढाच भाग रात्रभर ताणून तो फुगवून देतो. उंचवट्यावर कुंकवाचा ठिपका लावून पाय बुटात घाला, आतल्या बाजूला उमटलेली खूण त्याला दाखवा. गरम हवा मारायची झाली तर अगदी बेताने. रँडचा गोंद उष्णतेने सुटतो. आत जाड पट्टी सरकवून बूट ताठ करण्याचा प्रयोग चढाईच्या बुटात करू नका. त्यात इनसोल, म्हणजे काढता येणारा आतला तळ, नसतो, पट्टी जागा खाते आणि उंचवटा उलट वर दाबला जातो.

आता आपल्या कातळाबद्दल. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हाथरांवर आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या. थर जवळजवळ आडवे, म्हणून आपल्या बेसॉल्टवर आडव्या धारा, छोट्या पायऱ्या आणि चौकोनी खाचा जास्त. घट्ट थराचा दगड गुळगुळीत असतो, नुसतं रबर घासून त्यावर उभं राहण्यापेक्षा धारेवर उभं राहणं अधिक. म्हणजे तुमच्या सांध्याला जो बूट हवा, तोच आपल्या दगडालाही हवा. ही तुमच्यासाठी खरी आनंदाची गोष्ट आहे. सच्छिद्र थर आणि दोन थरांमधली लाल मातीची पट्टी ठिसूळ असते. ताठ बुटात पायाखालची धार हलतेय हे उशिरा कळतं, म्हणून अशा ठिकाणी भार टाकण्याआधी टोकाने ठोकून बघायची सवय लावा. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-मुखेड भागात ग्रॅनाइट आहे. तिथल्या गोलसर, खरखरीत धोंड्यांवर घर्षणाच्या जोरावर चढावं लागतं. तिथे टाच खाली सोडून पूर्ण चवडा दगडाला टेकवायचा असतो, सांधा वर वळतो, आणि ताठ बूट दगडाला नीट चिकटतही नाही. तो प्रकार तुम्ही मर्यादेत ठेवा. देवगिरी, वेरूळ, अजिंठा ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे चढाईचा विचारही नको. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी हवी.

चढायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. काळा कातळ दुपारी भाजतो, पाय सुजतो, टणक रबरही मऊ पडतं, आणि सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावायला लागतो.

बूट कितीही चांगला असला तरी पाऊल ठेवायची पद्धत थोडी बदलावी लागेल. अंगठ्याच्या अगदी टोकावर सरळ उभं राहण्याऐवजी बुटाची आतली कड वापरा, पाऊल किंचित आडवं. भार अंगठ्याच्या बाजूवर येतो, वाकवणारा जोर कमी होतो. उजव्या पायाने जमेल तिथे बाहेरची कड वापरा, करंगळीकडची, कंबर भिंतीकडे वळवून. हे शिकायला वेळ लागतो, पण उजवा अंगठा अर्धा दिवस मोकळा राहतो. भेगेत पाय आडवा घालून पिळणं टाळा. ताठ बुटातही तो पीळ सांध्यापर्यंत पोचतो. भेगेतच चढायचं असेल तर पाऊल पूर्ण आत जाईल एवढी रुंद भेग निवडा. पाय छातीपर्यंत उचलून त्यावर उभं राहण्याच्या हालचालीत अंगठा जास्तीत जास्त वर वळतो, तिथे मध्ये एखादी छोटी धार शोधून दोन टप्पे करा. बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय कमी उंचीवर चढणं, करून वरून उडी मारणं बंद. गादीवर पडतानाही चवडा आधी टेकतो. प्रत्येक चढाईनंतर बूट काढा. बिले देताना, म्हणजे खाली उभं राहून जोडीदाराचा दोर सांभाळताना, घट्ट बूट पायात ठेवण्याचं काहीच कारण नाही.

इथपर्यंत सगळं बुटाबद्दल झालं. पण सांध्याचं खरं नुकसान बहुतेक वेळा भिंतीवर होत नाही, ते भिंतीपर्यंतच्या वाटेवर होतं. चालताना प्रत्येक पावलाला टाच उचलली की अंगठा वर वळतो. चढाईत तुम्ही पायावर काही शे वेळा भार टाकता, वाटेवर हजारो वेळा. त्यात आपल्याकडच्या वाटा घसाऱ्याच्या, आणि येताना पाठीवर दोर आणि सामान. म्हणून पैसे मर्यादित असतील तर आधी वाटेचा बूट ताठ तळाचा घ्या, पुढून किंचित वर वळलेला, म्हणजे पाऊल त्यावरून पुढे लोळेल आणि सांधा न वळता चालता येईल. या बुटात मात्र अंगठ्याखालपर्यंत जाणारी पातळ कार्बनची पट्टी इनसोलखाली घालता येते. पायाच्या डॉक्टरांना किंवा पायाचे आधार बनवणाऱ्या तंत्रज्ञाला विचारा, त्यांना हा प्रकार माहीत असतो. संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीसारख्या ओळखीच्या छोट्या चढ-उतारावर तो बूट आधी घालून बघा, मग लांबच्या वाटेला न्या.

घरातही तेच. फरशीवर अनवाणी, घडी पडणाऱ्या पातळ चपला, उकिडवं बसून कामं, या सगळ्यांत सांधा दिवसभर वळत राहतो. घरात ताठ तळाची जाड चप्पल वापरा. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाण्याचा नेम असेल, तर सांधा या अवस्थेत असताना तरी अनवाणी जाऊ नका. आईला तुमचे पाय धड असलेलेच आवडतील, असं मी मनापासून म्हणतो.

नवा बूट घेतल्यावर पहिले काही आठवडे सोप्या, उभ्या मार्गांवरच वापरा. ताठ तळाची सवय नसेल तर पायाखालचं काही कळत नाही असं वाटतं. ही भावना जाते. पोटरी दुखेल, ते चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला किंवा आखडलेला असेल, तर बूट किंवा मार्ग चुकतोय, थांबा. सूज नसेल तर हळूहळू वाढवा.

बुटाच्या वयावरही लक्ष ठेवा. रबर झिजलेलं दिसतं, मिडसोल मेलेला दिसत नाही. दर महिन्याला तीच टाच-टोकाची परीक्षा करा. चवड्याच्या रेषेवर घडी पडू लागली की रबर शिल्लक असलं तरी तुमच्यासाठी तो बूट संपला. घरातल्या एखाद्या तरुणाला द्या, त्याला तो आवडेल. नवं रबर बसवून घेणार असाल तर टणक प्रकारचं सांगा आणि मिडसोल तपासून घ्यायला सांगा. नुसतं रबर बदलून मोडलेला मिडसोल ताठ होत नाही.

आणि शस्त्रक्रियेबद्दल, कारण कधीतरी हा विषय निघेल. वाढलेलं हाड छाटून टाकण्याची शस्त्रक्रिया असते, त्यात सांधा हलता राहतो. झीज फार पुढे गेली असेल तर सांधा कायमचा जोडून टाकतात. तो मग हलत नाही आणि बहुतेकांचं दुखणंही थांबतं. जोडलेल्या अंगठ्याने लोक चढाई करतात. पण अंगठा किती अंश वर ठेवून जोडायचा हे डॉक्टर साधारण चालण्याचा आणि रोजच्या चपलेचा विचार करून ठरवतात. अंगठा बराच वर ठेवून जोडला गेला, तर सपाट चढाईच्या बुटात तो कायम वरच्या कातड्याला टेकत राहील, आणि नंतर त्यात बदल करणं सोपं नाही. म्हणून वेळ तशी आलीच, तर शस्त्रक्रियेआधीच्या भेटीला तुमचा चढाईचा बूट पिशवीत घालून न्या, डॉक्टरांसमोर पायात चढवा, आणि खाचेवर तुम्ही पाऊल कसं ठेवता ते त्यांना उभं राहून दाखवा.